मेक्सिकन हॉट सॉस: रंगाची मिरची वेगळी, तिखटाची वेगळी

मेक्सिकोत फळांच्या गाडीवर आंबा, काकडी आणि हिकामा नावाचं पांढरं, कुरकुरीत कंद कापून पेल्यात भरतात. वर लिंबू पिळतात, मिरचीपूड भुरभुरतात आणि बाटलीतून पातळ लाल सॉसची धार सोडतात. तोच सॉस बटाट्याच्या वेफर्सवर, उकडलेल्या मक्याच्या दाण्यांवर, पॉपकॉर्नवर आणि लिंबात मुरवलेल्या कोळंबीवरही जातो. या जिनसांकडे पाहिलं की सॉस कसा हवा ते आपोआप ठरतं: धार सुटेल इतका पातळ, मीठ ठळक, आंबटपणा लिंबाच्या जोडीला शोभेल इतपत आणि तिखट असं की फळाची चव त्याखाली गडप होऊ नये. टाको खाताना मात्र तिथे दुकानात त्याच दिवशी वाटलेली ताजी साल्सा असते. बाटलीचं राज्य मुख्यतः चटकमटक खाण्यावर आणि मासळीवर.

घरी करताना अनेकांचा सॉस फसतो, कारण ते एकच मिरची घेतात आणि तिच्याकडूनच रंग, दाटपणा, चव आणि तिखट अशी सगळी कामं करून घ्यायला बघतात. चांगल्या मेक्सिकन सॉसमध्ये ही कामं वाटून दिलेली असतात. मोठी, मांसल, सौम्य सुकी मिरची रंग, अंग आणि चव देते. छोटी जहाल मिरची फक्त तिखट देते. दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या की तिखटपणा हवा तिथे ठेवता येतो. हा लेख त्या मोजमापाचा आहे.

बाजारातल्या बाटल्या काय शिकवतात

ग्वादलाहारा शहरातल्या साल्सा तामासुला कंपनीची व्हालेंतिना ही मेक्सिकोच्या घराघरांत दिसणारी बाटली. मेक्सिकन क्रांतीत लढलेल्या व्हालेंतिना रामिरेस या स्त्रीवरून तिचं नाव ठेवलं आहे. तिच्यात पुया मिरची असते. पिवळ्या लेबलचा सॉस साधारण ९०० स्कोव्हिलचा (हे तिखटपणाचं माप, त्याबद्दल पुढे) आणि काळ्या लेबलचा साधारण २१०० चा म्हणून ओळखला जातो. हा फरक नीट लक्षात घ्या: काळ्या लेबलला ‘अतितिखट’ म्हणतात, तरी ते आकडे एका मध्यम हिरव्या मिरचीच्याही खालचे आहेत. या घराण्यातला सॉस तोंड भाजण्यासाठी बनवलेलाच नाही. तो सढळ हाताने ओतायचा असतो.

चोलुला लाकडी टोपीमुळे दुरून ओळखू येते. नाव प्वेब्ला राज्यातल्या प्राचीन शहराचं, पण सॉस हालिस्को राज्यातल्या चापालाचा. आर्बोल आणि पिकीन या दोन मिरच्यांची जोडी, त्यात लसूणपूड, आणि झँथन गम या दाटपणा आणणाऱ्या पुडीमुळे येणारा किंचित गुळगुळीतपणा. नायारित राज्यातल्या तेपिकचा उइचोल सॉस कास्काबेल मिरचीचा. मसाल्यांचा वास त्यात पुढे असतो, आणि पॅसिफिक किनाऱ्यावर मासळीसोबत तोच हवा असं म्हणणारे पुष्कळ. तापातियो मात्र कॅलिफोर्नियाचा. ग्वादलाहाराहून आलेल्या कुटुंबाने १९७१ मध्ये तो सुरू केला. तो साधारण ३००० स्कोव्हिलचा आणि लसणाकडे झुकणारा.

याउलट अमेरिकेतल्या लुइझियानाचा टबॅस्को. नाव मेक्सिकन राज्याचं असलं तरी त्याची रीत वेगळीच आहे. ताजी लाल मिरची मिठासोबत ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवायची आणि मग भरपूर व्हिनेगरमध्ये मिसळायची. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि नाकात आधी व्हिनेगर जातं. मेक्सिकन धाटणीत बहुधा सुकी मिरची शिजवून, वाटून, गाळून घेतात. व्हिनेगर कमी, मिरचीचा गर जास्त. म्हणून तो वेफरला चिकटून राहतो आणि खाली ओघळून जात नाही.

मेक्सिकोतल्याच युकातान द्वीपकल्पाची तऱ्हा आणखी निराळी. मेरिदाच्या एल युकाटेकोच्या बाटल्या हबानेरोच्या असतात, त्याबद्दल शेवटी.

तिखट जिभेवर कसं लागतं

विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पातळ केला की तिखट लागेनासा होतो यावरून माप ठरवलं. आता कॅप्सेसिनचं, म्हणजे तिखटपणा देणाऱ्या द्रव्याचं, प्रमाण यंत्राने मोजून तेच आकडे काढतात. सुक्या मिरच्यांचे ढोबळ आकडे असे: कास्काबेल १००० ते ३०००, ग्वाहियो २५०० ते ५०००, पुया ५००० ते ८०००, आर्बोल १५,००० ते ३०,०००, पिकीन ४०,००० ते ६०,०००. हबानेरो थेट एक लाखाच्या पुढे.

पण बाटलीवरचा आकडा आणि जिभेचा अनुभव यांत बरंच अंतर पडतं. जिभेतला जो ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू) मिरचीतल्या कॅप्सेसिनने जागा होतो, तोच साधारण ४३ अंशांवरच्या उष्णतेनेही जागा होतो, आणि आम्लाने तो अधिक हळवा होतो. या ग्राहकाचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ सरळ आहे. तोच सॉस वाफाळत्या सूपवर जास्त झोंबतो आणि गार काकडीवर कमी. आंबट सॉस पहिल्या क्षणी जास्त चुरचुरतो. गोड आणि स्निग्ध पदार्थांसोबत तिखट मागे सरतं.

म्हणून गरम सॉस चाखून तिखटाचा निवाडा कधीही करू नका. पूर्ण गार करा, उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब घ्या, गिळा आणि मिनिटभर थांबा. तिखट उशिरा चढतं. तेवढा धीर धरला नाही की हात सुटतो आणि मिरची वाढते. दोन चाखण्यांच्या मध्ये दूध किंवा दही घ्या. पाण्याने काही होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही.

साहित्य: साधारण ४५० मिलीसाठी

ग्वाहियो ही मोठी सौम्य मिरची ४० ग्रॅम (देठ-बिया काढून), आर्बोल ही छोटी जहाल मिरची १५ ग्रॅम (देठ काढून), पाणी ३५० मिली, ५ टक्के आम्लतेचं पांढरं व्हिनेगर १५० मिली, मीठ १४ ग्रॅम, लसणाची एक मध्यम पाकळी, जिरं पाव चमचा, मेक्सिकन ओरेगानो अर्धा चमचा, एक लवंग, चार मिरे. वर लागेल तसं ५० ते ७५ मिली पाणी.

व्हिनेगरची बाटली उलटून लेबल वाचाच. भारतात मिळणारं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर बहुधा ४ टक्क्यांच्या आसपास असतं. तसं असेल तर १९० मिली घ्या आणि पाणी ३१० वर आणा. हा सॉस टिकतो तो या आम्लाच्या जोरावर, त्यामुळे इथे अंदाजपंचे काम नको. मीठही चमच्याने मोजू नका, वजन करा. बारीक आणि जाड्या मिठाच्या एका चमच्यात बराच फरक असतो.

मेक्सिकन ओरेगानो हे पिझ्झावरच्या ओरेगानोहून वेगळ्या कुळातलं झुडूप आहे. त्याला लिंबट, किंचित रानवट वास असतो. तो नसेल तर पिझ्झावाला ओरेगानो पाव चमचा घाला किंवा सरळ वगळा. त्याच्या जागी ओवा घालायचा मोह होईल, पण ओवा दुसरं काही वर येऊच देत नाही.

आता तिखटाचं गणित. प्रत्येक मिरचीचं वजन गुणिले तिचा स्कोव्हिल आकडा, त्यांची बेरीज, भागिले सॉसचं एकूण वजन. ग्वाहियो ४० ग्रॅम गुणिले ३५०० म्हणजे १,४०,०००. आर्बोल १५ ग्रॅम गुणिले २०,००० म्हणजे ३,००,०००. बेरीज ४,४०,०००, भागिले ५५० ग्रॅम, म्हणजे ८०० च्या जवळपास. काही तिखट चोथ्यात राहतं म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. हा पिवळ्या लेबलच्या आसपासचा सॉस झाला. आर्बोलच्या जागी तितकीच पिकीन घातली तर आकडा १६०० पर्यंत जातो. रंग आणि दाटपणा तोच राहतो, कारण ग्वाहियोला आपण हात लावलेला नाही.

आपल्याकडच्या मिरच्या घ्यायच्या तर

मिरचीचं मूळ घर मेक्सिकोच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याला आणली आणि तिथून ती देशभर पसरली, त्यामुळे आपल्या बहुतेक मिरच्या ग्वाहियो आणि आर्बोलच्याच जातकुळीतल्या आहेत. तरी सरसकट अदलाबदल करू नका.

रंगासाठी ब्याडगी उत्तम. पण ब्याडगी ग्वाहियोहून तिखट असते, वाणाप्रमाणे साधारण आठ ते पंधरा हजार स्कोव्हिल. म्हणजे नुसती ४० ग्रॅम ब्याडगी घातली तरी सॉस ७०० च्या घरात पोचतो. तिच्यावर पुन्हा १५ ग्रॅम गुंटूर घातली की तो दुपटीहून अधिक चढतो, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ब्याडगी ४० ग्रॅम घेतली तर गुंटूर किंवा संकेश्वरी फक्त ४ ग्रॅम, लवंगी असेल तर त्याहून कमी. खरी सौम्य काश्मिरी मिळाली तर ती ४० ग्रॅम आणि गुंटूर १० ग्रॅम. हे प्रमाण मूळ चवीच्या जास्त जवळ जातं, कारण त्यात रंगाची मिरची खरोखर सौम्य असते.

चवीतही फरक पडेल. ग्वाहियोत सुक्या बोरासारखा आंबूसपणा असतो, ब्याडगी गोडसर आणि मातकट. ती उणीव भरायला चिंचेचा पातळ कोळ एक चमचा चालतो. मेक्सिकोतही चिंच आणि मिरचीची जोडी घराघरात आहे, त्यामुळे ती उपरी वाटत नाही. टोमॅटो मात्र नको. तो घातला की सॉस केचपकडे जातो आणि आम्लाचं गणितही बदलतं.

मिरची निवडताना ती वाकवून पाहा. चामड्यासारखी लवली तर ताजी, कुरकुरीत तुटली तर जुनी. उजेडात धरा: आत काळपट किंवा करडी बुरशी दिसली तर ती मिरची फेकाच. शिजवल्याने बुरशीचं विष जात नाही. अंगाला तेलकट चकाकी असेल तर कोमट पाण्यात खळबळून लगेच पुसून घ्या. मिरचीपूड वापरू नका. पुडीत बियाही दळलेल्या असतात आणि त्यांची कचकच गाळणीतून खाली उतरते.

कृती

पहिलं काम साफसफाईचं. हातमोजे घाला. मिरचीचं डोकं कात्रीने कापा, उभी चीर द्या आणि बिया झटकून टाका. तिखट बियांत असतं हा समज चुकीचा आहे. कॅप्सेसिन बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरेत तयार होतं, बियांना ते फक्त लागलेलं असतं. म्हणून मोठ्या मिरचीच्या शिरा बियांसोबत काढून टाका आणि छोट्या जहाल मिरचीच्या राहू द्या, तिला तिखटासाठीच तर घेतलं आहे. तिच्या बिया देठाकडून हलवून जेवढ्या पडतील तेवढ्या पाडा. बिया वाटल्या गेल्या की सॉस कडवट आणि रेताड होतो.

भाजणं ऐच्छिक आहे. व्हालेंतिनासारखा स्वच्छ, फळावर चालणारा सॉस हवा असेल तर भाजूच नका. मासळीसाठी किंवा अंड्यांवर घ्यायला जरा खमंग हवा असेल तर भाजा. कोरडा तवा मध्यम आचेवर, मोठी मिरची उलथन्याने दाबून एका बाजूने दहा-पंधरा सेकंद. रंग किंचित उजळला आणि वास सुटला की लगेच काढा. छोटी मिरची सतत हलवत वीस-तीस सेकंद. खिडकी उघडी ठेवा, खकाणा उठतो. काळा डाग पडलेली मिरची बाजूला काढा. करपल्याचा कडवटपणा मीठ, साखर, व्हिनेगर कशानेही झाकला जात नाही, आणि एका करपलेल्या मिरचीने अख्खी बाटली बिघडते.

मग स्टीलच्या पातेल्यात मिरच्या आणि मोजलेलं पाणी घालून उकळी आणा. आच मंद करून दहा मिनिटं शिजवा, गॅस बंद करून झाकण ठेवा आणि वीस मिनिटं तसंच राहू द्या. मिरच्या वर तरंगतात, म्हणून वरून एक छोटी ताटली दडपून ठेवा. लोखंड, पितळ, तांबं आणि बिनकोटिंगचं ॲल्युमिनियम या कामाला नको. पुढे व्हिनेगर पडणार आहे, आम्ल धातूला लागतं आणि चव व रंग दोन्ही बिघडतात. मिरची तयार झाली की नाही ते साल पाहून ठरवा: बोटांत धरून चोळली की गर सालापासून सुटला पाहिजे. सुटत नसेल तर आणखी दहा मिनिटं.

वाटण्याआधी भिजवणीचं पाणी चाखा. गोडसर-मातकट असेल तर तेच वापरा, चव त्यात उतरलेली असते. कडू असेल तर टाकून द्या आणि तितकंच गरम पाणी घ्या. त्याने तिखट फारसं कमी होत नाही, कारण ते पाण्यात उतरलेलंच नसतं.

मिश्रण कोमट झालं की मिक्सरमध्ये मिरच्या, पाणी, लसूण, कोरडे भाजून कुटलेले मसाले, मीठ आणि निम्मं व्हिनेगर घाला. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. गरम द्रव फिरवताना झाकण उडतं, आणि मिरचीचं पाणी डोळ्यांत गेलं तर तो दिवस वाया गेला समजा. पूर्ण वेगाने दोन ते तीन मिनिटं फिरवा, मध्ये एकदा थांबून मिक्सर गार होऊ द्या. घाईने मिनिटभरात थांबलात तर गर सालीला चिकटून राहतो आणि सॉस पाणचट होतो.

गाळणं हा सगळ्या कृतीचा कणा आहे, इथे वेळ द्या. बारीक जाळीची स्टीलची गाळणी घ्या, चहाची प्लॅस्टिकची नको. थोडं थोडं ओतून पळीच्या पाठीने घासत गाळा, गाळणीखालचा गर खरवडून घ्या. फडक्यातून गाळू नका: फडकं गर धरून ठेवतं आणि खाली नुसतं लाल पाणी येतं. उरलेला चोथा ५० मिली पाण्यासोबत पुन्हा मिक्सरमधून काढून गाळा. या दुसऱ्या फेरीत बराच रंग आणि गर हाती येतो. शेवटी उरलेला चोथा कोरडा आणि फिका दिसला म्हणजे काम झालं. दोन बोटांत सॉसचा थेंब चोळून पाहा. कण लागले तर आणखी एकदा गाळा.

गाळलेला सॉस पातेल्यात घेऊन मंद आचेवर पाच ते आठ मिनिटं शिजवा, कडेला बारीक बुडबुडे येतील इतपतच. यात कच्च्या लसणाचा उग्रपणा जातो आणि मसाले मिसळतात. याहून जास्त शिजवला की लाल रंग विटकरी होत जातो. गॅस बंद करण्याआधी उरलेलं व्हिनेगर घालून एक मिनिट ठेवा. दोन हप्त्यांत घालण्याचं कारण असं की आधीचं चवीत मुरून जातं आणि नंतरचं वर तरतरीत राहतं.

दाटपणा पाहायला थंड ताटलीवर चमचाभर ओतून ताटली तिरकी करा. सॉस एकसंध ओघळला पाहिजे. पुढे पाण्याची कड सुटत असेल तर तो बाटलीतही फुटेल. फुटलेला सॉस खराब नसतो, हलवून वापरता येतो. तेही नको असेल तर झँथन गम अर्धा ग्रॅम, चिमूटभर मिठात कोरडा मिसळून, मिक्सर चालू असताना वरून भुरभुरवा. थेट ओतला की गुठळ्या होतात. ४५० मिलीला एक ग्रॅमच्या वर गेलात तर सॉसला शेंबडासारखी तार येते, मग परतीचा रस्ता नाही.

पीएच, बाटली आणि मुरवण

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. घातक जिवाणू रोखायला तो ४.६ च्या खाली असावा लागतो, पण घरी त्या रेषेला चिकटून काम करू नये. ४.० च्या खाली ठेवा. वरच्या प्रमाणात तो साधारण ३.४ ते ३.७ येतो. कागदी पट्ट्या लाल सॉसमध्ये रंगून जातात आणि वाचता येत नाहीत, छोटा डिजिटल मीटर घ्या. वापरण्याआधी ४ आणि ७ च्या द्रावणात तो जुळवून घ्या आणि सॉस पूर्ण गार झाल्यावर मोजा. ४.० च्या वर दिसला तर दहा-दहा मिली व्हिनेगर घालून पुन्हा मोजा. मोजल्यानंतर त्यात कांदा, गाजर, आंबा, जास्तीचा लसूण असं काहीही घालू नका. घालायचं तर आधी, आणि मग पुन्हा मोजून. मीटर नसेल तर प्रमाण तंतोतंत पाळा, व्हिनेगर कमी करू नका, आणि बाटली सुरुवातीपासून फ्रीजमध्ये ठेवा.

काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून उलट्या निथळू द्या. सॉस ८५ अंशांपर्यंत गरम करा आणि बाटली गरम असतानाच, वर बोटभर जागा ठेवून भरा. गार बाटलीत गरम सॉस ओतला की काच तडकते. झाकण घट्ट लावून बाटली तीन मिनिटं उलटी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. फ्रीजमध्ये तीन महिने चव उत्तम राहते. बाजारच्या बाटल्या बाहेर टिकतात त्या आम्लासोबत सोडियम बेंझोएट हे टिकवणारं रसायन आणि कारखान्यातल्या काटेकोर गरम-भरणीमुळे. घरच्या बाटलीकडून ती अपेक्षा धरू नये.

आणि लगेच मत बनवू नका. पहिल्या दिवशी व्हिनेगर, मीठ आणि मिरची तीन वेगळ्या चवी लागतात. पाच-सात दिवसांत व्हिनेगरची धार बसते आणि लवंग-जिरं मागे जाऊन नुसती ऊब उरते. मसाला ओळखू आला तर तो जास्त पडला, पुढच्या वेळी निम्मा करा. जिरं विशेष सांभाळा. आपला हात सवयीने सैल सुटतो आणि सॉस चाटच्या पाण्याकडे झुकतो.

काय बिघडतं

कडवट लागला तर संशय आधी करपलेल्या मिरचीवर, मग बियांवर, मग भिजवणीच्या पाण्यावर. चपटा, निर्जीव लागला तर बहुतेक वेळा मीठ कमी असतं. एक ग्रॅम घालून, विरघळू देऊन पुन्हा चाखा. मीठ बसल्यावरही काही उणं वाटलं तरच व्हिनेगरकडे वळा. व्हिनेगर डोळ्यांत येत असेल तर आठवडाभर थांबा, त्यानंतरही तसंच असेल तर अर्धा चमचा साखर पुरते. त्याहून जास्त घातली की गोड चटणी होते.

तिखट फार झालं तर पाणी घालू नका, त्याने आम्ल आणि मीठही पातळ होतं. फक्त मोठ्या सौम्य मिरचीचा, त्याच प्रमाणात पाणी-व्हिनेगर-मीठ घातलेला अर्धा घाणा करून त्यात मिसळा. तिखट कमी पडलं तर छोटी मिरची थोड्या व्हिनेगरमध्ये उकळून, वाटून, गाळून तो अर्क चमच्याचमच्याने घाला. लसूण निळसर-हिरवा झाला तर घाबरू नका, आम्लात कच्च्या लसणाचं तसं होतं आणि ते अपायकारक नाही. मात्र बाटली उघडताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा झाकण फुगलं असेल तर सॉस न चाखता टाकून द्या.

हबानेरोची वेगळी वाट

युकातानच्या धाटणीचा सॉस हवा असेल तर वरची रीत बाजूला ठेवा. तिथे ताजी हबानेरो असते. तिला जर्दाळूसारखा फळांचा वास असतो आणि जास्त शिजवल्याने तो उडतो. ६० ग्रॅम हबानेरो, १५० ग्रॅम गाजर आणि ५० ग्रॅम कांदा घ्या. गाजर-कांदा १५० मिली पाण्यात मऊ शिजवा, त्यात हबानेरो शेवटची तीनच मिनिटं टाका. ५ टक्क्यांचं व्हिनेगर १५० मिली, लिंबाचा रस ३० मिली आणि मीठ १२ ग्रॅम घालून वाटा. इथे गाजर तिखटाला जागा देतं आणि दाटपणाही, त्यामुळे एकदा गाळलं तरी पुरतं. गाजर-कांदा कमी आम्लाचे असल्याने या सॉसचा पीएच मोजल्याशिवाय तो बाटलीत भरू नका.

भारतात हबानेरो मिळाली नाही तर ईशान्येकडची भूत जोलोकिया तिच्याच कुळातली आणि वासानेही जवळची आहे. पण ती कित्येक पट जहाल असते, म्हणून ६० ग्रॅमच्या जागी १० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि गाजर तेवढ्याने वाढवा. हा सॉस धारेने ओतायचा नाही. व्हालेंतिनाचा चमचा जिथे लागतो तिथे याचे तीन-चार थेंब, आणि पदार्थ गरम असेल तर दोनच.